सांगली लागेना झाली

धारवाड ७६५ किलोहर्ट्झ आणि सांगली १२५१. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत पन्नाशी ओलांडलेल्यांना हे आकडे कदाचित आठवणार नाहीत, पण ट्रान्झिस्टरच्या काट्याची जागा त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे. धारवाडचा ट्रान्समीटर २०० किलोवॉटचा आणि बेळगावला जवळचा, त्यामुळं डबा कसाही ठेवला तरी धारवाड लागायचंच. सांगली मात्र मिळवावी लागायची. डबा खिडकीकडं फिरवायचा, एरियल लांब करायची (मध्यम लहरींना तिचा काही उपयोग नसतो, पण केली नाही तर चैन पडायचं नाही), आणि मग कुठं सकाळची भक्तिगीतं स्पष्ट व्हायची. आमच्या आईचं सगळं लक्ष त्या सांगलीत.

आता तो ट्रान्झिस्टर माळ्यावर आहे. स्वैपाकघरात त्याच्या जागी रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आहे, २०१८ सालचं थ्री बी प्लस मॉडेल. ८५ बाय ५६ मिलिमीटरची हिरवी पाटी, तिला जोडलेला एक जुना स्पीकर आणि दोन बटणं. एक दाबलं की सांगली, दुसरं दाबलं की धारवाड. आकाशवाणीची केंद्रं इंटरनेटवर ऐकता येतात, तीच यावर वाजतात. आई त्याला रेडिओच म्हणते आणि मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटत नाही. तो मुका झाला की वायफाय गेलं, नेट गेलं असलं काही ती म्हणत नाही. "सांगली लागेना गं," एवढंच.

मग निदानही तीच करते. सेल बघ आधी. शेजारचे माग चालू झाले असतील. पाऊस लागलाय ना, कुठली लागतीय. डबा जरा फिरवून बघ. ऱ्हाऊ दे, रात्री लागंल, रात्री चांगलं लागतं.

हे सगळं ज्ञान ट्रान्झिस्टरच्या काळातलं आणि त्या काळात अक्षरन्‌अक्षर खरं. माझा रोजचा संबंध संगणकाशीच, त्यामुळं सुरुवातीला मी ते हसण्यावारी नेण्याच्या बेतात होते. पण एकेक वाक्य तपासत गेलं तर असं दिसतं की त्यातलं काही या पाटीलाही तंतोतंत लागू आहे, आणि काही बरोबर उलटं झालंय. कुठलं कुठलं, हे कळलं की या छोट्या संगणकांच्या वायफायची निम्मी डोकेदुखी संपते.

"सेल बघ" हे सगळ्यांत शहाणं वाक्य. मी अनेक घरांत, दुकानांत अशा पाट्या बघायला गेलेय. तक्रार वायफायची असते आणि दुखणं विजेचं निघतं. या मॉडेलला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअर द्या, असं बनवणारे सांगतात. आपण देतो घरात पडलेला मोबाइलचा चार्जर आणि खडे बाजारातल्या फुटपाथवरची केबल. चार्जर बऱ्याचदा ठीकच असतो, खोट केबलीत असते. आतली तांब्याची तार इतकी बारीक की तिचाच अडथळा ०.४ ओहम भरतो. एक अँपिअर करंट वाहिला की ०.४ व्होल्ट वाटेतच गडप. चार्जरमधून पाच निघाले, पाटीला ४.६ पोचले. आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाटी कमी व्होल्टेजची नोंद करते आणि कोपऱ्यातला लाल दिवा विझवते. हा दिवा एरवी अखंड चालू असतो. तो मधूनमधून डोळा मिटतोय असं दिसलं तर राउटरकडं बघूसुद्धा नका.

यात फसगत अशी की पाटी बंद पडत नाही. प्रोसेसर आपला वेग उतरवून कसाबसा चालत राहतो, हिरवा दिवा लुकलुकत राहतो, फक्त वायफाय सुटतं, जुळतं, पुन्हा सुटतं. बघणाऱ्याला वाटतं नेटवर्कचाच घोळ. पाटीला विचारायची सोय आहे. 'गेट थ्रॉटल्ड' नावाची एक आज्ञा आहे, तिचं उत्तर नुसतं शून्य आलं तर वीज निर्मळ. पाच आणि पुढं चार शून्यं आली, तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. त्यातल्या शेवटच्या शून्याच्या जागीही पाच दिसला, तर या क्षणी पडलेलंच आहे. झिरो जातीच्या छोट्या पाट्यांवर मात्र व्होल्टेज मोजायची ही सोय नाही. तिथं चांगली जाड, आखूड केबल लावून बघणं हाच उपाय.

आता माग. आमच्या भिंतीला लागून मामांची शेड, चार पॉवरलूम. वडगाव, खासबाग, शहापूर ही सगळी विणकरांचीच वस्ती, त्यामुळं धोट्याची खटखट आम्हाला ऐकू येत नाही, थांबली तर ऐकू येते. ट्रान्झिस्टरच्या काळात मामांनी स्टार्टर दाबला की सांगलीवर खर्रर्र व्हायचं. कारण सरळ आहे: स्विचमध्ये उडणाऱ्या ठिणगीचा गोंगाट काहीशे किलोहर्ट्झच्या पट्ट्यात भरपूर असतो, आणि मध्यम लहरींवरचा आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो. गोंगाटही उंचीच वाढवतो. रेडिओला दोन्हींतला फरक कळत नाही. वायफाय सेकंदाला २४० कोटी कंपनांच्या, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं. तिथवर त्या ठिणगीचं फारसं काही उरत नाही.

आईला हे पटलं नाही, आणि का पटावं? तिच्या डोळ्यांसमोर माग सुरू झाले की पिवळा बल्ब मंद व्हायचा, म्हणजे व्होल्टेज तर पडत होतंच. पण आजचे चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात. बाहेर २३० चे १९० झाले तरी आत पाचच येतात. शेवटी मी मामांच्या जेवणाच्या सुट्टीत आणि नंतर चारही माग चालू असताना, दोन्ही वेळा सिग्नल टिपून ठेवला. काडीचा फरक नाही. मामा दारात येऊन म्हणाले, "आमच्या मागानं तुमचं नेट जातंय व्हय गं? मग हिकडं आमची पोरं दिवसभर मोबाइल कशी बघत बसल्यात?" याच्याइतका स्वच्छ पुरावा मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नसता.

पावसाचं प्रकरण जरा नाजूक. घराच्या अंतरात पडणारा पाऊस २.४ गिगाहर्ट्झला अडवत नाही. अडवते ती पाऊस प्यायलेली भिंत. आमची आत्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहते. तिथून पुढं कणकुंबी, मलप्रभा जिथं उगम पावते ते. तिकडचा पाऊस म्हणजे जूनमध्ये बसला की उठायचं नाव नाही. घर जांभ्या दगडाचं, दीड फुटी भिंती, आणि जांभा सच्छिद्र. पाणी पितो आणि धरून ठेवतो. तिच्या माडीवर भाच्यानं असाच एक रास्पबेरी पाय बसवलाय, सुपारीच्या वाफ्यांचा ओलावा नोंदवायला. उन्हाळ्यात ठणठणीत चालतो, आषाढात रोज तुटतो. "पावसात नेट येईना" हे आत्याचं म्हणणं म्हणूनच बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण दुसरं.

अशा वेळी अंदाजानं बोलण्यापेक्षा आकडा बघावा. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि तो ऋण असतो, त्यामुळं उणे ५० चांगला, उणे ६७ चालेल असा, उणे ८० म्हणजे जवळजवळ गेलाच. यात एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे: दहा उतरले म्हणजे ताकद दहावा हिस्सा झाली, नुसते तीन उतरले तरी निम्मी. आत्याच्या माडीवर मे महिन्यात उणे ६८ होतं आणि भर पावसात उणे ७९. फरक अकराचा दिसतो, पण ताकद बारा पटींनी घटलेली असते. राउटर सोप्यातून काढून जिन्याच्या तोंडाशी आणला, तेव्हा मधली एक भिंत वाचली आणि प्रश्न मिटला. कुठलीही आज्ञा द्यावी लागली नाही.

आईनं मात्र मला यावर एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. "सांगलीहून यायचं ते येत होतं. आणि आता सोप्यातनं स्वैपाकघरात येईना?"

खरंच. सांगली इथून शंभराहून जास्त किलोमीटर. पण १२५१ किलोहर्ट्झची एक लहर जवळपास २४० मीटर लांब असते. ती जमिनीला धरून चालते आणि आमच्या मातीच्या भिंतीची तिला दखलही घ्यावी लागत नाही. मागे किलोवॉटांत मोजायची ताकद. वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटर, आणि राउटरची ताकद साधारण दशांश वॅट. त्यातून आमचं घर जुन्या पद्धतीचं: सोपा, मधलं घर, स्वैपाकघर, परसू, सगळं आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागं एक. राउटर पुढं, कारण फायबरची वायर पुढून येते. आई मागं, कारण चूल मागं.

म्हणून "डबा फिरवून बघ" हे दुसरं शहाणं वाक्य. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची कांडी असायची, तिला दिशा कळायची. या पाटीला तशी कांडी नाही, पण साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीत चार बोटं सरकवली तरी फरक पडतो, कारण भिंतींवर आपटून परतलेल्या लहरी एके ठिकाणी एकमेकींना मारतात आणि जरा बाजूला एकमेकींना उचलून धरतात. आईनं तो 'रेडिओ' मांडणीवर ठेवला होता, तांदळाच्या आणि जोंधळ्याच्या स्टीलच्या डब्यांमागं, तेल उडू नये म्हणून. म्हणजे पाटीपुढं धातूची भिंतच. तो डब्यांच्या पुढं आणला, मग एक बोट डावीकडं. आई म्हणाली, "मी काय सांगत होते?"

धातूवरून आठवलं. उद्यमबागेत आमचा एक नातेवाईक मशीन शॉपमध्ये आहे. बेळगावच्या फाउंड्री आणि मशीनिंगचा हात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो हात शांत बसत नाही. त्यानं हौसेनं आपल्या पायसाठी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पेटी कोरली. कडा इतक्या सुरेख की हातातून सोडवत नव्हती. झाकण बसवलं आणि वायफाय नाहीसं झालं. मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये धातूच्या पिंजऱ्याबद्दल जे दाखवून दिलं होतं, ते याच्या टेबलावर पुन्हा सिद्ध झालं. थ्री बी प्लसचा अँटेना बाहेर आलेला नसतोच. पाटीच्या कडेला तांब्यात एक छोटा त्रिकोण रिकामा सोडलाय, तोच अँटेना. त्याच्यावर धातू आला की संपलं. मी म्हटलं तेवढ्या जागी खिडकी काप. तो म्हणाला, "पेटीला भोक पाडू? त्यापेक्षा वायर लावतो." आणि त्यानं लॅनची वायर लावली. मला विचाराल तर सगळ्यांत उत्तम निर्णय. जिथं वायर पोचते तिथं वायफायच्या नादी लागू नये, हे माझं ठाम मत आहे, आणि ते वायफायवर इतकं लिहून झाल्यावरही बदललेलं नाही.

आता रात्र. "रात्री चांगलं लागतं" हे मध्यम लहरींचं खरंच होतं. दिवसा वातावरणातला एक थर या लहरी गिळतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबलांबची स्टेशनं वरून परावर्तित होऊन येतात. वायफायला रात्र म्हणजे आठवडी बाजार. सगळी गल्ली घरी आलेली, सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही चालू. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडं तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी फक्त तीन: १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत शोध लावला की नावांची रांगच येते आणि निम्मी नावं एकाच चॅनेलवर. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी, थ्री बी प्लसला तो पट्टा कळतोही, पण त्याची लहर आणखी निम्म्यानं आखूड आणि भिंतीपुढं आणखी हतबल. दोन्ही पट्ट्यांना राउटर एकच नाव देतो आणि पाटी दोन्हींच्या मध्ये उड्या मारत बसते. मी दोन वेगळी नावं दिली, स्वैपाकघराला २.४ वर बांधून टाकलं आणि चॅनेल हातानं ११ वर ठेवलं.

नावांचीही एक मजा. आमच्या गल्लीच्या यादीत देवनागरी नावं आहेत आणि कन्नड लिपीतलीही. वायफायच्या नावाला ३२ बाइट मिळतात. रोमन अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचे तीन तीन वेगळे. कन्नडलाही तेवढेच. म्हणजे दोघांच्याही वाट्याला दहाच खुणा. या एका बाबतीत इथं दोन्ही भाषांना अगदी समान न्याय आहे. पण पायवरची काही साधनं ही नावं नीट न दाखवता आकड्यांचा चिखल छापतात, म्हणून पाटीसाठीच्या नेटवर्कचं नाव मी रोमनमध्ये ठेवते.

असाच एक इथला किस्सा. नव्या कार्डावर पाय पहिल्यांदा सुरू केला की बऱ्याचदा वायफाय मुद्दामच कुलूपबंद असतं. त्याला आरएफकिल म्हणतात. कुठल्या देशात आहात ते सांगा, मगच ते उघडतं, कारण कुठला पट्टा आणि किती ताकद वापरायची याचे कायदे देशागणिक वेगळे. भारतात २.४ चा पट्टा २००५ साली परवान्याच्या जाचातून सुटला. एका इंजिनीअरिंगच्या पोराचा पाय घरचा राउटर बघायलाच तयार नव्हता. मोबाइलला तो दिसत होता. त्यानं कुठलीशी मार्गदर्शिका बघून देश अमेरिका टाकला होता आणि राउटर आपल्या मनानं तेराव्या चॅनेलवर जाऊन बसला होता. अमेरिकेच्या नियमांनी चालणारी पाटी अकराच्या पुढं ऐकत नाही. देश भारत केला, आयएन ही दोन अक्षरं, आणि नाव यादीत आलं. आमच्याकडच्या माणसाला कुठलाही अर्ज भरताना राज्याच्या रकान्यापाशी क्षणभर थांबायची सवय आहे. इथं तो रकानाच नाही.

त्याच पोरानं आधी आणखी एक वाट तुडवली होती. कार्डावर नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड लिहिलेली एक फाइल टाकली की पाय आपोआप जोडला जातो, असं जुन्या लेखांत लिहिलेलं असतं. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या बुकवर्म आवृत्तीपासून ती पद्धत गेली, आता नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्राम सगळं सांभाळतो. जुनी फाइल टाकली तर ती निमूट दुर्लक्षिली जाते, तक्रारसुद्धा येत नाही. लेख वाचताना तारीख बघा, एवढंच त्याला सांगितलं.

करंट जाऊन आला की होणारा घोटाळा वेगळाच असतो आणि तो मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात वायफायचा काडीचा दोष नसतो. पाय उठतो लवकर, फायबरचा डबा आणि राउटर मागून सावकाश उठतात. पायनं हाका मारून दमून नाद सोडलेला असतो. आमच्या आईच्या रेडिओत आता नेट आल्याशिवाय स्टेशन लावायचंच नाही, दर मिनिटाला बघायचं, अशी व्यवस्था केली आहे. शिवाय या पाटीत घड्याळाचा सेल नाही. बंद असताना काळ तिथंच थांबतो. कपाटात महिनोन्‌महिने पडलेली पाटी काढली तर ती जुन्याच तारखेत जागी होते, आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं तिला भविष्यातली वाटून ती नाकारते. घरी काही सेकंदांत वेळ आपोआप दुरुस्त होते, पण हॉस्टेलच्या जाळ्यात वेळ आणणारी वाट अडवलेली असेल तर नाही. मग सिग्नल उणे ४५ आणि तरीही एक पान उघडत नाही.

अशा वेळी मी पायरीपायरीनं हाक मारते. आधी घरच्या राउटरला पिंग. तो ओ देत असेल तर वायफाय निर्दोष, विषय संपला. मग बाहेरचा एखादा नुसता आकड्यांचा पत्ता, ८.८.८.८ हा चार आठांचा सगळ्यांना पाठ असतो. तोही आला तर नेट आहे. मग नावाचा पत्ता. तिथं अडलं तर नावांचा आकड्यांशी मेळ घालणारा डीएनएस रुसलाय. राउटरच ओ देत नाही, तेव्हा आणि तेव्हाच सिग्नल, चॅनेल, पासवर्ड यांच्याकडं वळायचं. आणि पाटी नुसती पडून असताना हाकेला उशिरा ओ देत असेल तर ती वायफायची डुलकी असते. वीज वाचवायला रेडिओ भाग मधूनमधून झोपतो. गच्चीवरच्या तापमानाच्या पायला ही खोड होती, पॉवर सेव्ह बंद केल्यावर गेली.

सध्याचं काम मामांचं आहे. कुठल्या मागावर किती मीटर कापड उतरलं ते मोबाइलवर दिसावं, असं त्यांच्या पोराच्या डोक्यात आलंय. शेडला वर पत्रा, दोन बाजूंना पत्रा, त्यामुळं आत सिग्नल उणे ८४. मी दुसरं काही न बघता सांगून टाकलं, वायर ओढा. तांब्याची लॅन वायर शंभर मीटरपर्यंत जाते आणि आपल्याला वीसही नकोत. वायर आणून ठेवली आहे. भिंत सामाईक, भोक पाडायचं. मामांच्या बाजूला तिथं देव्हारा, आमच्या बाजूला आईची मांडणी. दोघांनीही एकमेकांना "तुमच्या अंगानं खालनं घ्या की" असं सांगून झालंय, आणि गवंडी तर श्रावणाआधी मातीच्या भिंतीला हातच लावायला तयार नाही.